दिवाळीचा किल्ला बांधताना

अंगणात दिवाळीचा किल्ला उभा राहतोय ना? दगडविटांचा ढीग आधी हलवून पाहा. डगमगला तर पायथा रुंद करा, मगच गोणपाट टाकून चिखल लिंपा. माती चाळून घ्या, तिच्यात काचा, खिळे निघतात. वाळलेलं गोणपाट चटकन पेटतं, म्हणून पणत्या तटावर नकोत. थोड्या अंतरावर, मोकळ्या जमिनीवर ठेवा. किल्ल्याच्या गुहेत उजेड हवाच असेल तर सेलवरचा दिवा लावा. घरातल्या विजेची वायर ओल्या मातीत कधीही नको. आणि एक कळकळीची विनंती: दिवाळी सरल्यावर किल्ला सुतळी बॉम्बने उडवू नका. उडालेल्या खड्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. त्याऐवजी शिवाजी महाराजांची आणि मावळ्यांची चित्रं आधी उचलून घ्या, पाणी शिंपडा आणि खुरप्याने माती मोकळी करा.