झाकली मूठ
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीगणरायाला वंदन करून सुरुवात करतो. आरतीनंतर आणि प्रसादाआधी उभ्या राहणाऱ्या वक्त्याने थोडक्यात आटपावे, हा आपल्याकडचा अलिखित नियम मला ठाऊक आहे. तो मी पाळायचा प्रयत्न करीन.

आजचा विषय आहे मोबाईल, त्यामागच्या मोठमोठ्या कंपन्या आणि आपली घरगुती माहिती. हा विषय काढला की आपल्यातले बरेचजण म्हणतात, "आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? पेन्शन किती, मुलगा कुठे नोकरीला, सून कुठली, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

खरे आहे. पण गल्लीचा व्यवहार दोन्हीकडून असतो. शेजारच्या काकूंना आपल्या घरातले जेवढे ठाऊक, तेवढेच त्यांच्या घरातले आपल्याला. शिवाय उद्या पुन्हा तोंड बघायचे असते, म्हणून चार गोष्टी माणूस पोटात ठेवतो. कंपनीला आपले सगळे कळते आणि आपल्याला कंपनीचे काहीच कळत नाही. तिथे पोटात ठेवणे नाही, वहीत ठेवणे असते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. काउंटरवर सख्खा भाऊ आला तरी भावाच्या खात्यातली शिल्लक सांगायची नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले गेले. खातेदाराने चोरी केली असेल म्हणून ही गुप्तता नसते. ती त्याची वस्तू आहे आणि कोणाला दाखवायची हे त्याने ठरवायचे, एवढेच तिचे कारण. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. मुठीत सव्वा लाख असतात असे नाही. ती कधी उघडायची हे आपल्या हातात असते, म्हणून तिला किंमत.

आता ही मूठ उघडून मिळते काय? सगळे फुकट मिळते. फोटो फुकट, नकाशा फुकट, अमेरिकेतल्या नातवाशी बोलणे फुकट. "फुकट ते पौष्टिक" म्हणून आपणही हात धुऊन घेतो. मग या कंपन्या जगतात कशावर? फेसबुक आणि व्हॉट्सॲप ज्या मेटा कंपनीचे आहेत, तिचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते, आणि त्यातले ९७ टक्क्यांहून जास्त जाहिरातींतून आलेले. म्हणजे कंपनीचे गिऱ्हाईक आपण नव्हे, जाहिरातदार. आपण बाजारात आलेला माल.

बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना रुमालाखालचा सौदा आठवत असेल. रुमालाखाली बोटे धरली जातात आणि भाव ठरतो, पण भोवतीच्या माणसाला काही कळत नाही. मोबाईलवर एखादे पान उघडले की ते पुरते दिसायच्या आत, सेकंदाच्या काही भागात, असाच लिलाव होऊन जातो. साठीचा माणूस, निपाणीत राहतो, काल गुडघ्याच्या औषधाची चौकशी केली, याला जाहिरात दाखवायला कोण किती देतो? फरक एवढाच की बाजारातल्या बैलाच्या मालकाला भाव कळतो. इथे बैलही आपण, मालकही आपण, आणि रुमालाखाली हात मात्र दुसऱ्यांचेच.

भाव दुसऱ्याने ठरवायचा, ही गोष्ट या भागाने मुकाट्याने सोसलेली नाही. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी निपाणीत पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या बलिदानाची मोबाईलशी बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच म्हणतो की आपल्या वस्तूचा भाव काय आणि तो कोण ठरवतो, हे विचारण्याची सवय इथल्या मातीत आहे. ती इथेही वापरावी.

पुष्कळांना वाटते की फोन आपले बोलणे चोरून ऐकतो. दिवाणखान्यात फ्रिजचा विषय निघाला की फ्रिजची जाहिरात हजर. फोन सतत ऐकून जाहिराती पाठवतो, असे सिद्ध झालेले नाही. खरी गोष्ट अशी की ऐकायची गरजच पडत नाही. आपण कुठे जातो, किती वेळ थांबतो, काय शोधतो, घरातल्या दुसऱ्या फोनवर काय पाहिले जाते, एवढ्यावरून अंदाज बांधता येतो. निपाणीहून कागलकडे निघून कोगनोळीचा नाका ओलांडला की कंडक्टरच्या आधी फोनला कळते. सीमेवरच्या गावांत तर घरबसल्या कधी या राज्याचा टॉवर लागतो, कधी त्या राज्याचा. आपला सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, फोन मात्र दिवसातून चारदा निकाल देऊन मोकळा होतो!

ठिकाण नोंदवणे बंद केले की झाले, असेही नाही. लोकेशनची नोंद बंद केल्यावरही गूगलच्या दुसऱ्या एका सेटिंगमधून ती साठत राहते, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केले. त्या प्रकरणात २०२२ साली गूगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. म्हणून संशय हवा, पण तो नेमका हवा. व्हॉट्सॲपचेच घ्या. आपण एकमेकांना लिहिलेला मजकूर २०१६ पासून कुलूपबंद जातो, तो कंपनीला वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलतो, ही पाकिटावरची माहिती तिच्याकडे राहते. पोस्टमन पत्र फोडत नाही, पण कोणाचे पत्र कोणाकडे येते हे त्याला पाठ असते, तसेच हे.

कागदावरच्या एका रकान्याला किती वजन असते, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. जनगणनेत मातृभाषेपुढे काय लिहिले, यावरून कोणते गाव कुठे असावे याचे वाद आपण १९५६ पासून ऐकत आलो. ते रकाने निदान समोर बसून विचारून भरले जात. आता रकाने न विचारता भरले जातात, आणि काय भरले ते वाचायलाही मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा सांगतो. आपली माहिती आपल्या एकट्याची नसते. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण गाजले. एका स्वभाव-चाचणीच्या ॲपमधून जगभरातल्या सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची फेसबुकवरची माहिती बाहेर गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. भारतात ते ॲप घेणारे होते फक्त ३३५. आणि माहिती गेली असण्याची शक्यता असलेले भारतीय किती? ५ लाख ६२ हजारांवर. बाकीच्यांनी काहीही दाबले नव्हते. ते कोणाच्या तरी मित्रयादीत होते, एवढाच त्यांचा दोष.

म्हणजे एखादे ॲप "कॉन्टॅक्ट्स पाहू का?" असे विचारते आणि आपण "हो" म्हणतो, तेव्हा आपण फक्त आपली मूठ उघडत नाही. वहिनींचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, ज्या मावशींकडे स्मार्टफोनच नाही त्यांचाही नंबर आपण परस्पर देऊन टाकतो. शेजाऱ्याच्या घराची किल्ली आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली असते. ती आपण तिसऱ्याला देत नाही. नंबर ही तशीच ठेव आहे.

अशी सुटी माहिती शेवटी भामट्यांच्याही हाती लागते. "डिजिटल अरेस्ट"ची धमकी देऊन लुबाडणाऱ्यांच्या छळापायी आपल्या बेळगाव जिल्ह्यातच २०२५ च्या मार्चमध्ये एका वृद्ध दांपत्याचा बळी गेला. ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे, व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. असा फोन आला की ठेवून द्यावा, घरात सांगावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. लाजून गप्प बसू नये. तिथे मूठ झाकायची नसते.

कायदा आपल्या बाजूला येऊ लागला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो ज्यांच्या याचिकेवर झाला ते के. एस. पुट्टस्वामी आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते आणि याचिका केली तेव्हा ऐंशी ओलांडलेले. आता आपले वय झाले, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याच निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला, आपले वडील यशवंतराव चंद्रचूड ज्याच्या बाजूने होते तो १९७६ चा निर्णय चुकीचा ठरवला. पुढे २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि त्यांतल्या मुख्य तरतुदी दीड वर्षाने लागू व्हायच्या ठरल्या. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये "मान्य करा नाहीतर सोडा" अशा धर्तीवर आणलेल्या अटींबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. पण जी माहिती आपण स्वतःहून चव्हाट्यावर मांडली, तिला २०२३ च्या कायद्याचे संरक्षण नाही. हे त्यातच लिहिले आहे.

म्हणून कंपन्यांना बोल लावण्याआधी आपल्या मंडळापासून सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे. वेशभूषा स्पर्धेच्या ऑनलाईन फॉर्मवर मुलाचे नाव आणि इयत्ता पुरे, जन्मतारीख, शाळा आणि पत्ता कशाला? स्पर्धा संपली, बक्षिसे वाटली की तो फॉर्म पुसून टाकावा. सभासदांच्या यादीत नंबर छापण्याआधी प्रत्येकाला विचारावे. जन्मतारखेसह यादी ग्रुपवर टाकू नये, कारण तिथून ती कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. लहान मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारून टाकावेत. मुलगा सहा वर्षांचा असताना हौसेने टाकलेला फोटो तो सव्वीस वर्षांचा झाल्यावरही तिथेच असेल, आणि त्याला कोणी विचारलेले नसेल.

घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावे. नातवंडाला शेजारी बसवून फोनच्या सेटिंगमध्ये "परवानग्या" उघडाव्यात. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत, कॅलेंडरला मायक्रोफोन कशाला हवा, असे एकेकाला विचारावे. सरळ उत्तर नसेल तर परवानगी काढून घ्यावी. फोन बंद पडणार नाही.

मोबाईल टाकून द्या, असे मी म्हणत नाही. याच मंडपातून परदेशातली आपली मुले आता आरती पाहत असतील, आणि तो आनंद मोठा आहे. दुकानात शिरताना आपण भाव विचारतो, वजनकाट्याकडे डोळा ठेवतो, तरी दुकानदाराशी वैर धरत नाही. तेवढीच चोखंदळ नजर इथे ठेवावी. स्वतःसाठी ठेवावीच, पण आपल्या फोनमध्ये ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांसाठीही ठेवावी.

गणपती ही बुद्धीची देवता. ती बुद्धी आपल्या सर्वांना मिळो, एवढे मागतो आणि आपला निरोप घेतो. गणपती बाप्पा मोरया!