ज्याचे नुकसान, त्याला आधी विचारा



उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर करमाळा, माढा, इंदापूरच्या काठी शेतकऱ्याचा सारा भरवसा पाण्यावरच्या मोटारीवर असतो. एका रात्रीत मोटार जाते, तांब्यासाठी केबल कापली जाते आणि उभा ऊस मान टाकतो. फिर्याद, पंचनामा होतो. कधी माल सापडतोही, पण तो मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडून राहतो आणि शेतकरी उसनवारी करून नवी केबल ओढतो. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्याचे गेले तो साक्षीच्या पिंजऱ्यापुरता.

हे उलटे आहे. आधी विचारायला हवे ते एवढेच : कोणाचे काय गेले, त्याला आता काय हवे आणि ते भरून देणे कोणाचे काम? न्यूझीलंडने १९८९ मध्ये मुलांच्या गुन्ह्यांसाठी कायदा केला आणि तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या परंपरेतून घेतलेल्या कुटुंब-बैठकीत पीडितालाही जागा दिली.

२१ मे २०२४. उजनीच्याच पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले. अशा घटनेत फौजदारी कायदा दोष कोणाचा ते शोधतो, आणि ते शोधलेच पाहिजे. पण मागे राहिलेल्यांना आणखी काही हवे असते. काय घडले ते कोणी जबाबदार माणसाने समोर बसून सांगावे, मदत हेलपाट्यांविना मिळावी आणि पुन्हा कोणाच्या घरावर ही पाळी येऊ नये. काठावरच्या लोकांची पुलाची जुनी मागणी ही म्हणूनच न्यायाचीही मागणी होती.

शिक्षेपलीकडे पाहणे या मुलखाला नवे नाही. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यात स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये तिथे कैद्यांची खुली वसाहत उभी केली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला. कैदी कुटुंबासह राहिले, शेती करू लागले. मोठेच काम ते. मात्र ज्यांच्या घरचा माणूस त्या कैद्यांच्या हातून गेला, त्यांचे पुढे काय झाले हे आपण कधी विचारले नाही. राहिलेला अर्धा न्याय तो आहे.

गावपातळीवर समेटाचा प्रयत्नही झाला : १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, भावकीचे वाद गावातच मिटवण्याची कल्पना चांगली होती, पण मिटलेल्या तंट्यांवर बक्षीस ठेवले की दुबळ्यावर ‘मिटवून टाक’ म्हणून दाब येण्याचा धोका असतो. सुनेचा आवाज चावडीपर्यंत पोचत नाही. गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या पारध्यांचा तर नाहीच; १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. म्हणून समेटाची बैठक पीडिताच्या राजीखुशीनेच व्हावी. बलात्कार आणि अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यांत तर गावकीने तडजोड सुचवूही नये.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पीडिताच्या हाती बरेच दिले आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचे. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर न्यायालयाने आधी पीडिताचे ऐकायचे. जप्त मालाची यादी व छायाचित्रे झाल्यावर ३० दिवसांत त्याचा निकाल लावायचा. आणि आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करू शकतात.

हे काठावरच्या किती घरांना ठाऊक आहे? इथल्या वकिलांनी महिन्यातून एक दिवस कुगाव, कंदर, टेंभुर्णीसारख्या गावांत बसावे, अर्ज तिथेच लिहून द्यावेत. पोलीस पाटलांनी तपासाची माहिती घरी जाऊन सांगावी. आणि लिहिणाऱ्यांनी निकाल लागल्यावरही फिर्यादीच्या घरी जावे.