विहिरीच्या ढिगाऱ्यातला दगड

१९८७ साली वडिलांनी कर्ज काढून शेतात विहीर खणायला घेतली. पंधरा फूट मुरूम लागला, खाली काळा फत्तर. पहार मारली की घणघणायचा. सुरुंग लावत चाळीस फूट गेलो, पण घागरभर पाणी नाही. तिथे पैसे संपले आणि काम थांबले. खालच्या अंगाला शेजाऱ्यांना मात्र तीस फुटांवर पाणी! गावाने याला नशीब म्हटले. पुढे मी भूशास्त्र शिकलो, तेव्हा कळले की त्यांच्या ढिगाऱ्यातला दगड आमच्या दगडाशेजारी ठेवून कुणी पाहिलाच नव्हता.

श्रोतेहो, खडकांची मुख्य घराणी तीन. तप्त शिलारस थंड होऊन बनतात ते अग्निजन्य, गाळाचे थर दबून बनतात ते स्तरित आणि उष्णतेने व दाबाने ज्यांचे रूपच पालटते ते रूपांतरित. शाळेत आपण हे पाठ केले आणि विसरलो. खरे तर तिन्ही घराणी आपल्या घरात नांदतात. पाटा-वरवंटा बेसॉल्टचा, म्हणजे अग्निजन्य. शहाबादी फरशी आणि कडाप्पा हे चुनखडक, म्हणजे स्तरित. देव्हाऱ्यातला मकराण्याचा संगमरवर हा मूळचा चुनखडकच, पण रूपांतरित झालेला.

ओळखायचे कसे? कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडले की पांढरा डाग पडतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही. आम्लाने चुनखडक झिजतो, त्याचा हा पुरावा. फरशीचा एखादा फुटका तुकडा घ्या, सुरीने खरवडा आणि त्या पुडीवर लिंबाचे थेंब टाका. बारीक बुडबुडे दिसतील. ग्रॅनाइटवर यातले काही होणार नाही. त्यात गारेचे, फेल्स्पारचे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बहुधा ग्रॅनाइट नसतोच, तो वेगळ्याच अग्निजन्य जातीचा असतो. पण दुकानदाराशी त्यावरून वाद घालू नये, असा माझा अनुभव आहे.

आता पुन्हा विहिरीकडे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले. प्रत्येक लोटाच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजे भरली. हाच आपला ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या खडक. तो लवकर झिजतो, भुसभुशीत होतो आणि मग पाणी धरतो. लोटाचा मधला भाग घट्ट, काळा. त्याला भेगा असल्या तर पाणी, नसल्या तर कोरडाच. दोन लोटांच्या मध्ये कधी तांबडा मातकट थर लागतो. तिथे विहिरीची बाजू ढासळते, तेव्हा बांधकाम करून घ्यावे. कोकणातला जांभा मात्र निराळा. भर पावसाच्या प्रदेशात खडक कुजून तयार झालेला, सच्छिद्र. पावसाळ्यात विहीर तुडुंब, उन्हाळ्यात तळ.

हे लोट बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे आहेत, आणि आमची सगळी गोम यातच होती. शेजाऱ्यांचे शेत आमच्यापेक्षा वीसेक फूट खाली. त्यांच्या ढिगाऱ्यात ठिपक्यांचे दगड होते, आम्ही लहानपणी त्यातले चमकते खडे वेचायचो. त्यांचे तीस फूट म्हणजे आमचे पन्नास. आम्ही चाळिसावर थांबलो होतो.

म्हणून विहीर खणताना दर दोन-तीन फुटांवरचा एकेक दगड बांधावर क्रमाने मांडून ठेवा. आसपासच्या दोन विहिरींचे ढिगारेही पाहा, आणि जमिनीची उंची जमेस धरा. याला खर्च काही नाही. बोअर घेताना तर दगडाची पूडच वर येते, तिचा रंग पाहत राहावा.

वडील गेल्यानंतर आम्ही ती विहीर बारा फूट आणखी खोल केली. पन्नासाव्या फुटाच्या आसपास ठिपके दिसू लागले. पाणी बारमाही नाही, पण रब्बीचा हरभरा निघतो.