तालीम कोणाच्या मालकीची?



मँचेस्टर युनायटेड हा जगप्रसिद्ध फुटबॉल क्लब १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वे कामगारांनी स्थापन केला. २००५ साली ग्लेझर या अमेरिकी कुटुंबाने तो मुख्यतः कर्ज काढून विकत घेतला आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर बसविला. विकल्या गेलेल्यानेच आपली किंमत फेडावी, असा हा व्यवहार! संतप्त चाहत्यांपैकी काहींनी त्याच वर्षी वेगळा क्लब काढला. त्याचे तत्त्व एक सभासद, एक मत. सातारा-सांगलीच्या सहकारी सभासदाला ते समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे क्लबची जागा तालमीने घेतली. लाल माती, शेजारी मारुतीचे देऊळ. मालक कोण, असे विचारले तर 'गाव' एवढेच उत्तर. पैलवानाच्या खुराकाचा खर्च साध्या शेतकरी कुटुंबाला झेपणारा नव्हे. तो भागे गावाच्या वरकड उत्पन्नातून, म्हणजे घरोघरच्या दुधातुपातून आणि जत्रेच्या फडातील इनामातून.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी गावोगाव वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते या पैशावर. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली; मग खाशाबांनी कुस्त्या लढवून ते घर सोडविले. गुंतवणूक समाजाची, आणि परतफेड पैलवानाने स्वतःच्या अंगमेहनतीने केलेली. शासनाचा अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर, २००० सालचा. खाशाबा अपघातात गेले १९८४ साली.

सांगली जिल्ह्यानेही पुनवतचे गणपत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने असे दोन हिंदकेसरी दिले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्णपदके मिळविली.

जुन्या तालमीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. ज्या गावाची ती होती, त्या गावात स्त्रिया मोजल्या जात नव्हत्या. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली भरली, तीही सांगलीतच, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. गावाची व्याख्या आता कुठे पुरी होऊ लागली आहे.

वर्गणीचा काळ ओसरला तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने पुढे आले. मल्लांना मानधन देण्याची त्यांची प्रथा स्तुत्य होय. पण ते मानधन उसाच्या पैशातून, म्हणजे सभासदांच्या घामातून जाते. फलकावर नाव आणि फोटो झळकतो अध्यक्षांचा! सहकारातही ग्लेझर निपजू शकतात. फरक इतकाच की येथे त्यांना कर्जसुद्धा काढावे लागत नाही.

कारखान्याच्या वार्षिक सभेत कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात: मानधनाची तरतूद किती, आणि मल्लांची निवड कोण करते? सभासद म्हणून तो त्यांचा हक्क आहे. मुलींसाठी किती, हेही त्याच वेळी विचारावे.