घरातली दखनी, शाळेतली मराठी

(धाराशिव जिल्ह्यातील शिक्षक आणि पालकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या वर्गाचा विषय 'मुलांचं शिकणं आणि भाषाविकास' असा आहे. विषय मोठा आहे. त्यातल्या एकाच प्रश्नावर मी बोलणार आहे, कारण तो आपल्या घरातला आहे. आपल्या मोहल्ल्यातलं सहा वर्षांचं मूल पहिलीत जातं तेव्हा कोणती भाषा सोबत घेऊन जातं? आणि शाळा त्या भाषेचं काय करते?

जनगणनेवाला आला की आपण मातृभाषा 'उर्दू' सांगतो. पण घरात बोलतो ती दखनी. 'मेरेकू पानी होना', 'नक्को', 'कायकू', 'मैंच करा'. ही भाषा ऐकून बाहेरचे लोक हसतात आणि आपणही त्यांच्याबरोबर हसतो. जरा नीट पाहा. 'नक्को' हे मराठीतलं 'नको' आहे. 'मैंच' मधला 'च' हा 'मीच' मधला 'च' आहे. म्हणजे आपल्या पोराच्या तोंडात शाळेत जाण्याआधीच मराठीचे तुकडे आहेत. शतकानुशतकं शेजारी राहिलेल्या माणसांनी एकमेकांकडून घेतलेलं हे देणं-घेणं आहे.

आता शाळेत काय होतं ते बघू. मूल मराठी शाळेत गेलं तर 'शाळा' ला 'शाला' म्हणतं, 'पाणी' ला 'पानी' म्हणतं, म्हणून वर्ग हसतो. तेच मूल उर्दू शाळेत गेलं तर 'क़लम' ला 'खलम' म्हणतं, म्हणून तिथंही त्याला थांबवलं जातं. एकीकडे सांगतात, ही मराठी नाही. दुसरीकडे सांगतात, ही उर्दू नाही. मूल दोन्हीकडून मार खातं. सहा वर्षांच्या मुलाला यातून एकच अर्थ कळतो: माझी अम्मी जे बोलते ते चुकीचं आहे. मग ते गप्प बसायला शिकतं. शिक्षक म्हणतात, 'मूल शांत आहे', 'घरी लक्ष नाही'. ते मूल शांत नसतं, घाबरलेलं असतं.

गप्प बसलेल्या मुलाचं नुकसान केवळ भाषेच्या तासापुरतं राहत नाही. गणितातलं शाब्दिक उदाहरण, परिसर अभ्यासातला प्रश्न, सगळं भाषेतूनच कळतं. जे विचारत नाही त्याची शंका मनातच राहते. तिसरी-चौथीत वाचन कच्चं राहिलं की पाचवीपासून सगळे विषय कच्चे होतात. गावातली शाळा सातवीला संपते, पुढची शाळा दुसऱ्या गावात असते. त्या वेळी 'नाहीतरी तिला काही येत नाही' हे वाक्य घरात पहिल्यांदा मुलीबद्दल बोललं जातं. मुलीची शाळा सुटते तेव्हा आपण कारण गरिबीत शोधतो, परंपरेत शोधतो. ती कारणं खरी आहेत. पण त्या कारणांना बळ देणारी गोष्ट बहुधा पहिलीच्या वर्गातच घडलेली असते.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी एक फरक दाखवून दिला. नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरतं येणं ही एक गोष्ट आणि त्या भाषेत अभ्यास करता येणं ही दुसरी. पहिली गोष्ट साधारण दोन वर्षांत जमते. दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आपलं मूल मैदानात फर्डं मराठी बोलतं, म्हणून आपण समजतो की याला मराठी येते. मग पुस्तकातला परिच्छेद कळला नाही की त्याला 'मठ्ठ' म्हणतो. ते मठ्ठ नसतं, अजून वाटेत असतं. कमिन्स यांचं दुसरं म्हणणं असं की घरच्या भाषेत पक्कं झालेलं ज्ञान दुसऱ्या भाषेत जातं. कारण सांगणं, क्रम लावणं, तुलना करणं हे एकदा दखनीत आलं की मराठीत नव्यानं शिकावं लागत नाही, फक्त शब्द बदलावे लागतात.

कुणी विचारेल, दखनीला एवढं महत्त्व कशाला, ती तर बाजारातली बोली. आपल्याच जिल्ह्यातल्या नळदुर्गला जा. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला लांबून लोक येतात. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. त्याच बादशहानं 'किताब-ए-नवरस' हा ग्रंथ दखनीत लिहिला. ज्या भाषेत बादशहानं ग्रंथ लिहिला, त्या भाषेत बोललेल्या पोराला आपण गप्प बसवतो.

दुसरी बाजूही पाहा. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि सरकारी भाषा उर्दू होती. त्या काळात शाळेत गेलेले इथले कितीतरी हिंदू आजोबाही उर्दू वाचायचे. जमिनीच्या कामात आजही 'मुंतखब', 'खासरा पत्रक' हे शब्द चालतात. उलट आपल्या मराठी शाळेतले दप्तर, कागद, शाई, हजेरी, रजा, खुर्ची, मैदान हे शब्द फारसी-अरबीतून आलेले. सांगायचं एवढंच, की भाषेला धर्म चिकटवू नका. मराठी 'त्यांची' आणि उर्दू 'आपली' असं मुलाच्या डोक्यात घातलं, तर ते मराठी पाहुण्यासारखं शिकेल. मराठी या मातीतल्या प्रत्येकाची आहे, त्यात आपणही आलो.

आता शिक्षकांशी थोडं. मुलाची चूक म्हणजे पुरावा असतो. मूल म्हणतं, 'पुस्तक फाटली'. का? घरात 'किताब फट गई' म्हणतात, किताब स्त्रीलिंगी आहे. मूल म्हणतं, 'झाड मोठा आहे'. घरात 'झाड बड़ा है' म्हणतात. मराठीत तीन लिंगं आहेत, दखनीत दोन. म्हणजे मुलानं डोकं चालवलं, नियम लावला, फक्त तो दुसऱ्या भाषेचा होता. अशा वेळी 'चूक!' म्हणून थांबवू नका. 'हो का, पुस्तक फाटलं? कसं फाटलं?' असं विचारा. बरोबर रूप कानावर पडतं, बोलणं तुटत नाही आणि अपमानही होत नाही. 'ळ' आणि 'ण' चे उच्चार ऐकून-ऐकून येतात. टिंगल केली तर मूल ते शब्दच टाळायला लागतं.

दुसरं, वर्गाच्या भिंतीवर जोडशब्दांचा तक्ता लावा. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. 'होना' समोर 'पाहिजे'. 'कायकू' समोर 'कशाला'. शब्द मुलांकडूनच घ्या. हा तक्ता फक्त मुसलमान मुलांचा नको. तांड्यावरच्या मुलाची गोरमाटी आणि उमरग्याकडच्या सीमेवरच्या घरातली कानडी यांनाही त्यात जागा द्या. मराठवाडी बोलणाऱ्या मुलालाही पुस्तकातली मराठी परकीच असते. आपल्या वर्गात एकच भाषा आहे हा समज सोडा.

बोलीचा हा प्रश्न महाराष्ट्रात आधीही अभ्यासला गेला आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन जन्मानं अमेरिकन, पण १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं आणि सातारा जिल्ह्यातल्या फलटणला घर केलं. फलटणच्या मराठीत वेगवेगळ्या थरांतली माणसं कशी वेगळी बोलतात, हा त्यांच्या पीएचडीचा विषय होता. अभ्यास करून त्या परत गेल्या नाहीत. शाळेपासून तुटलेल्या मुलांना वाचायला शिकवलं, प्रगत शिक्षण संस्था उभी केली, कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. बोलीभाषेत काही कमी नाही हे ओळखायचं आणि तरीही प्रत्येक मुलाला उत्तम वाचता-लिहिता आलंच पाहिजे असा आग्रह धरायचा, या दोन्ही गोष्टी एकत्र चालतात हे तिथून शिकावं.

आता मकतबविषयी, मोकळेपणानं. आपलं मूल सकाळी किंवा संध्याकाळी नाज़रा कुरआन शिकतं. उजवीकडून डावीकडे लिहिलेली चिन्हं ओळखतं, प्रत्येकाला आवाज देतं, उच्चार नेमका ठेवतं. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हे मोठं कौशल्य आहे. चिन्ह म्हणजे आवाज, हे त्याला आधीच कळलेलं आहे, हे शाळेतल्या शिक्षकांनी ओळखावं. पण तिथं पठण हाच हेतू असतो, अर्थाची परीक्षा नसते. शाळेच्या वाचनात अर्थ कळला नाही तर वाचन झालंच नाही. मूल तीच सवय मराठीच्या धड्याला लावतं, धडाधड वाचतं आणि 'काय वाचलंस?' म्हटलं की गप्प. अर्थात मकतबला न जाणारी मुलंही असंच करतात, कारण शाळाही घोकंपट्टीच करून घेते. उपाय एकच. वाचून झालं की विचारा, 'काय झालं गोष्टीत? तुझ्या भाषेत सांग.' दखनीत सांगितलं तरी पूर्ण गुण. समजलं की नाही ते तपासायचंय, मराठी बोलता येतं की नाही ते नंतर बघू.

अम्मी-अब्बांनो, तुम्ही म्हणाल, आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय करणार? मुलाशी बोलायला शाळेचा दाखला लागत नाही. भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना, आठवडी बाजारात भाव करताना मुलाशी बोला. 'आधी काय केलं? मग काय झालं? का झालं?' एवढे तीन प्रश्न रोज विचारा. नानी-दादीला गोष्टी सांगायला लावा. मूल रडलं की मोबाइल हातात देता, तो बोलतो पण मुलाचं ऐकत नाही. आणि आपल्याच भाषेत बोला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत 'ॲपल खा, वॉटर पी' करू नका, त्यानं इंग्रजी येत नाही आणि घरची भाषाही आटते. इंग्रजी यायलाच हवी, मी विरोधात नाही. पण इंग्रजी एक भाषा म्हणून चांगली शिकणं आणि घरात कुणालाच न कळणाऱ्या माध्यमात मुलाला ढकलणं, यात फरक आहे. फी भरली म्हणजे भाषा आली असं होत नाही.

एक काळजी मात्र घ्या. मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'याचा बापही उशिरा बोलायला लागला' म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळेतल्या मुलांची तपासणी होते, त्यात ऐकू येण्याची तपासणीही आहे. अंगणवाडी सेविकेला विचारा, ती पथक येण्याचा दिवस सांगेल.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. संविधानाच्या कलम ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करायची आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की शक्य तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावं. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असणं ठरवून दिलं. बैठकीत बसणाऱ्या आपल्या बायका किती? नुसती वहीवर सही करून परत येणाऱ्या किती? पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: तिसरीतल्या किती मुलांना समजून वाचता येतं? निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं ते नेमकं याच उद्दिष्टासाठी, त्यामुळे उत्तर देणं शाळेवर बंधनकारकच समजा. आणि उर्दू शाळेतल्या पालकांनो, २०२० च्या कायद्यानं सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे. तो तास नीट होतो का, हेही विचारा. पुढे तलाठ्याची, पोलिसाची, शिक्षकाची परीक्षा द्यायची तर मराठी पक्की हवी.

शेवटी तरुणांशी. तुमच्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले पदवीधर आहात. दखनीही तुमची, मराठीही तुमची. दोन्ही किनारे पाहिलेले तुम्हीच आहात. म्हणून एक काम तुम्हाला सांगतो. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून दखनीतल्या गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्या देवनागरीत लिहा, एका पानावर चार-पाच ओळी, मोठं अक्षर, मुलांकडूनच काढून घेतलेलं चित्र. कागद दुमडून छोटं पुस्तक करा. पहिलीतल्या मुलाला एकाच वेळी नवी लिपी आणि नवी भाषा अशी दोन ओझी उचलावी लागतात. हे पुस्तक एक ओझं कमी करतं: भाषा ओळखीची, लिपी तेवढी नवी. तीच गोष्ट पाठीमागच्या बाजूला सोप्या मराठीत लिहा. लिपी हाताशी आली की मूल स्वतःच पान उलटेल.

जागा कुठलीही चालेल, कुणाचा ओटा, ग्रामपंचायतीची खोली, मशिदीचं आवार. मुलींना यायला सोयीची वेळ ठेवा आणि शेजारच्या सगळ्या मुलांना बोलवा, फक्त आपल्या नाही. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास पुरे. आजच्या वर्गातून जाताना प्रत्येक गावच्या गटानं दोन नावं आणि एक जागा कागदावर लिहून द्या. शिक्षकांनी त्या दोघांना आपल्या पहिलीच्या वर्गात एक दिवस बसू द्यावं. कामाची सुरुवात तिथूनच होईल.