कडेचा अर्धा शिंपला

माझ्या हातातली ही पांढरी शाल मी दोनदा विणली आहे. पहिली कुणी पाहिली नाही, कारण ती मीच उसवली. आज त्या उसवलेल्या शालीबद्दल बोलणार आहे.

२०१६च्या जूनमध्ये ह्यांची बदली चेन्नईला झाली. मैलापूरला घर मिळालं. लेक लग्न होऊन पुण्यात, हे दिवसभर ऑफिसात, आणि मला तमिळचं अक्षर येत नव्हतं. भाजीवालीशी मी बोटांनी बोलायची. चुकलं तर लोक हसतील, म्हणून तोंडच उघडायची नाही. आधी नीट शिकेन, मग बोलेन, असं ठरवलं होतं.

समोरच्या घरात एक मामी राहायच्या. रोज दुपारी दारात बसून क्रोशे विणायच्या. माझी आईही सांगलीला तोरणं, रुमाल विणायची. मला म्हणायची, "बस जरा, शिकवते." मला ते जुनाट वाटायचं. आई गेली, तिची सुई तेवढी माझ्याकडे राहिली. लेकीला दिवस गेल्याचा फोन आला, त्या दुपारी ती सुई घेऊन मी मामींच्या दारात जाऊन उभी राहिले. सुई दाखवली, एवढंच. त्यांनी शेजारची चटई थोपटली.

मामींनी मला शिंपल्याची नक्षी शिकवली. ती अशी. साखळी सहाच्या पटीत घालायची आणि वर एक. मला वीस शिंपले हवे होते, म्हणजे एकशे एकवीस. वळायला आणखी एक साखळी. मग एक मुका खांब, म्हणजे बुटका टाका. दोन साखळ्या सोडायच्या, तिसरीत एकाच घरात पाच खांब. ते पंख्यासारखे पसरतात, तोच शिंपला. पुन्हा दोन सोडून मुका खांब. पुढच्या ओळीत शिंपला येतो तो खालच्या मुक्या खांबावर आणि मुका खांब येतो शिंपल्याच्या मधल्या खांबावर. मामी मोठ्यानं मोजायच्या, "ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु." मीही त्यांच्या मागोमाग मोजायची. तमिळमधले माझे पहिले पाच शब्द हेच.

दोन दिवसांत हात बसला. घरी येऊन मी भराभर अकरा ओळी विणल्या. पलंगावर पसरून पाहिलं तर शाल कुठली, समोसा! वीस शिंपल्यांनी सुरू केलेलं विणकाम अकराव्या ओळीत दहावर आलं होतं. वाटलं, कडेनं झालर लावून झाकून टाकू. तशीच मामींकडे नेली. त्यांनी चष्मा लावला, कड बोटानं चाचपली आणि म्हणाल्या, "पिरिच्चुडुम्मा." म्हणजे, उसव गं बाई.

माझे डोळे भरून आले. तेव्हा त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या बायकांनी क्रोशाचं जगातलं सर्वांत मोठं ब्लँकेट मांडलं होतं. अकरा हजार एकशे अठ्ठेचाळीस चौरस मीटरांहून मोठं! गिनीज बुकात त्याची नोंद झाली. घरोघरी विणलेले तुकडे जोडून ते केलं होतं. नंतर ती ब्लँकेटं गरजूंना वाटली. त्यात मामींचेही तुकडे होते. खुणेनंच त्यांनी सांगितलं, एक कड आखूड पडली तर शेजारचा तुकडा जोडणार कसा?

मग चूक दाखवली. दुसऱ्या ओळीत दोन्ही टोकांना पुरा शिंपला मावत नाही. तिथे अर्धा घालायचा असतो. वळताना तीन साखळ्या, त्याच घरात दोन खांब. ओळीच्या शेवटी तीन खांब. पुरा होत नाही म्हणून मी तो सोडूनच देत होते, आणि दर ओळीला एक शिंपला कमी होत होता.

संध्याकाळभर मी उसवत बसले. दोरा गुंडाळता गुंडाळता लक्षात आलं, बोलण्याचंही मी हेच करत होते. पुरं येत नाही म्हणून अर्धंही बोलत नव्हते. आणि दिवसेंदिवस आखूड होत चालले होते.

दुसऱ्या दिवशी भाजीवालीला म्हटलं, "अंजु वाळैप्पळम." पाच केळी. ती हसली खरी. पण तिनं 'ळ'चा उच्चार दोनदा करून दाखवला, आणि केळी सहा दिली. "आरु," म्हणाली. सहावा शब्द असा मिळाला.

शाल बारशाला वेळेवर पोचली. आज बाळ मोठं झालंय, तेव्हा ती परत माझ्याकडे आली आहे. माझं तमिळ अजून अर्धंच आहे, पण मामींशी तासभर फोन चालतो.

तुम्ही ही नक्षी विणायला घ्याल, तेव्हा दर दोन ओळींनी शिंपले मोजा. कडेला अर्धा आहे ना, बघा. आणि नसेल, तर दोन ओळींतच उसवा. अकरा होईपर्यंत थांबू नका.