चाकणचा घाणा



आमच्या चाकणला खोली घेऊन राहणारा एक पोरगा परवा चक्रेश्वराच्या देवळात भेटला. सेकंड शिफ्टला निघाला होता. विचारलं, "काय मागितलंस रे?" म्हणाला, "काका, कंत्राट अजून सहा महिने वाढू दे, एवढंच."
"परमनंट कर म्हणायचं की!"
"ते थोडंच देवाच्या हातात असतं?"

हे त्यानं देवासमोरच, हात जोडलेले असताना म्हटलं. माझ्या काळजात चर्र झालं, कारण आयुष्यभर मीही असंच बेतानं मागत आलोय. देवाला जमेल तेवढंच!

हे बेतानं धरणं तुकोबांनाही चुकलं नाही. त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या, तेव्हा तेरा दिवस ते शिळेवर अन्नपाण्यावाचून पडून होते. याच माणसानं आपल्या वाट्याची कर्जखतं त्याच नदीत स्वतःच्या हातानं सोडली होती आणि मागे वळून पाहिलं नव्हतं. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, तरी विठोबा सुटला नाही. वह्यांपाशी मात्र जीव अडला. त्या कोरड्या वर आल्या, इथपर्यंतची कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्यानंतरचे अभंग गाथेत जरूर वाचा. लोकांच्या बोलण्यापायी मी तुझा अंत पाहिला, तुला पाण्यात कष्टवलं, म्हणून तुकोबा अक्षरशः रडतात. वह्या हाती आल्या आणि आपण देवाला किती लहान धरलं होतं, ते त्यांना कळलं.

आणि इकडे चाकणात कोण होतं? संताजी जगनाडे. घाण्यावर तेल गाळणारा माणूस. तुकोबांच्या कीर्तनात टाळ धरायचा आणि अभंग उतरून घ्यायचा. संताजींच्या हातच्या वह्यांवरून संशोधक वि. ल. भाव्यांनी पुढे गाथा छापली. लोक तर दुसरीही कथा सांगतात, की बुडालेले अभंग संताजींनी माणसांच्या तोंडून गोळा करून पुन्हा लिहिले. म्हणजे सगळ्यांचे डोळे डोहाकडे लागले होते, आणि देवानं आपली सोय एका तेल्याच्या घरी लावून ठेवली होती. आपली शंका एकच वाट धरून बसते, तिथून देव आला नाही की म्हणते, त्याला जमलं नाही.

पोरगा परमनंट होईलच, असं मी म्हणणार नाही. पण त्यानं मागताना हात आखडू नये. या रविवारी त्याला सुदुंबऱ्याला, संताजींच्या समाधीला घेऊन जाणार आहे. त्याची सुट्टी आहे.